पहिली पुस्तकं निवडताना



लहान मुलांच्या पुस्तकांबद्दल एकदा सविस्तर लिहा, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणी सुचवत होत्या. गेल्या महिन्यात एकट्या वाशिम जिल्ह्यातून तीन पत्रं आली. तेव्हा ठरवलं, की या खेपेला वाळवणं आणि मसाले बाजूला ठेवू.

रिसोडच्या भगिनी लिहितात, "मुलगी साडेचार वर्षांची आहे. दुकानदाराने दहा पुस्तकांचा संच दिला, चांगला चकचकीत आहे. एक दिवस पाहिला, दुसऱ्या दिवसापासून ती ढुंकूनही बघत नाही." कारंज्याच्या भगिनींचा मुलगा दुसरीत आहे. अक्षर अक्षर जोडत वाचतो आणि ओळ संपेपर्यंत रडकुंडीला येतो. घरातून सल्ला मिळतो, की जाडजूड गोष्टीचं पुस्तक आणा, म्हणजे सवय होईल. तिसरं पत्र मानोरा तालुक्यातलं. या भगिनी तांड्यावरच्या. यजमानांच्या नोकरीमुळे आता गावात राहतात. घरात गोरमाटी बोलतात. मुलगा पहिलीत गेला, शाळेत तोंडच उघडत नाही. "घरी मराठीच बोला असं शाळेतून सांगितलं. हेही तेच म्हणतात. मी सातवी शिकले, मोठ्याने वाचायची मला लाज वाटते. अशा आईने कोणतं पुस्तक आणावं?"

हे तिसरं पत्र मी दोनदा वाचलं. त्याचं उत्तर सवडीने देते. आधी दुकानात जाऊ.

आपण वांगी घेताना काय करतो? वरून दिसतंय चांगलं म्हणून पिशवीत टाकत नाही. देठ पाहतो, दाबून पाहतो, भोक आहे का ते बघतो. पुस्तकांच्या बाबतीत मात्र मुखपृष्ठावर चमचमता मुलामा दिसला, की पैसे काढून मोकळ्या होतो. दहा पुस्तकांचा संच स्वस्त पडतो हे खरं. पण तो उघडून नीट पाहा. सिंहाचं, सशाचं, कोल्ह्याचं, सगळ्यांचं हसू एकच असतं. झाडं हिरव्या गोळ्यासारखी, आकाश एकाच निळ्या रंगाचं. चित्रकाराचं नाव कुठेच नाही, लेखकाचंही नाही. मजकूर असा, की 'एका जंगलात एक सिंह होता. तो खूप गर्विष्ठ होता.' आणि शेवटच्या पानावर चौकटीत 'तात्पर्य'. रिसोडच्या ताई, तुमच्या मुलीने ते पुस्तक बाजूला टाकलं यात तिची काही चूक नाही. एकदा पाहून झाल्यावर त्यात पुन्हा पाहण्यासारखं काही उरलंच नसेल तर ती तरी काय करणार?

चांगल्या चित्रपुस्तकाची पहिली खूण म्हणजे चित्र शब्दांपेक्षा काहीतरी जास्त सांगतं. समजा, पानावर लिहिलंय 'बाळ शांत झोपलं', आणि चित्रात पांघरुणाखालून मांजराची शेपटी बाहेर आलेली आहे. आई वाचते शब्द आणि मूल वाचतं शेपटी. मग ते खुदकन हसतं, कारण आईला न दिसलेलं त्याला दिसलं. दुकानात मजकुरावर हात ठेवा आणि नुसती चित्रं पाहात पुस्तक उलटा. गोष्ट अर्धीमुर्धी तरी कळली, तर ते पुस्तक घ्यायला हरकत नाही.

दुसरी पारख म्हणजे मधलंच एखादं पान तिथल्या तिथे पुटपुटत वाचून बघा. दुकानदार बघेल तर बघू दे. भाषा तुमच्या जिभेवर अडखळली, 'त्याने तिला एक सफरचंद देऊ केले होते' असली वाक्यं लागली, तर समजा की घाईघाईत केलेलं भाषांतर आहे. भाषांतर वाईट नसतं हं, घाई वाईट असते. बाळाला झोपताना तेच वाक्य तुम्हाला पन्नास वेळा वाचायचं आहे, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे पुरे.

तात्पर्याबद्दल मात्र माझं मत जरा कडक आहे. पंचतंत्र आणि इसापनीती यांच्यावर आपण सगळ्याच वाढलो आणि त्या गोष्टी आहेतच उत्तम. पण गोष्ट सांगून झाल्यावर "मग यातून तू काय शिकलास?" असं विचारलं, की मुलाचा चेहरा बघा. जिलबी खाऊ घालून वर लगेच एरंडेल पाजल्यासारखा होतो. गोष्टीत जे असेल ते त्याच्या पोटात गेलेलंच असतं. आपण उगाच विचारू नये.

आता टाइपाबद्दल. ही गोष्ट घरात कुणी बोलत नाही, पण कारंज्याच्या मुलाचं दुखणं बरंचसं इथेच आहे. आपली देवनागरी दिसायला सुंदर, पण नव्या वाचणाऱ्याला तिच्यात बरीच कसरत करावी लागते. काना पुढे, वेलांटी कधी अक्षराच्या आधी तर कधी नंतर, मात्रा वर, उकार खाली, आणि त्यात जोडाक्षरं. 'प्र' मधला 'र' खाली गेला आणि 'र्प' मधला वर चढला, हे सहा-सात वर्षांच्या मुलाने लक्षात ठेवायचं! तेव्हा नुकत्या वाचायला लागलेल्या मुलासाठी टाइप चांगला ठळक आणि मोठा हवा. पानावर दोन-चार ओळी, ओळींमध्ये मोकळी जागा. ओळ संपली म्हणून शब्द मध्येच तोडलेला नको. गडद निळ्या आकाशावर काळी अक्षरं छापलेली तर मुळीच नकोत. ती आपल्यालाही दिव्याखाली धरून वाचावी लागतात.

मुलगा अडतो आहे म्हणून जाड पुस्तक देणं म्हणजे ज्याला पोळी लाटता येत नाही त्याला पुरणपोळीला बसवणं. उलट दोन पायऱ्या खाली उतरा. दुसरीतल्या मुलाला 'बालवाडीचं' पुस्तक दिलं तर काही बिघडत नाही. एखादं पातळ पुस्तक त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडता, स्वतःहून वाचून संपवलं, याची गोडी त्याला एकदा लागू द्या. पुस्तक त्याच्या झेपेचं आहे की नाही हे बघायची एक साधी रीत आहे. एक पान त्याला वाचू द्या. जो शब्द अडेल त्याला त्याने एक बोट मिटायचं. पान संपेपर्यंत पाचही बोटं मिटली, तर ते पुस्तक सध्या आईने वाचून दाखवायचं. एक-दोनच मिटली, तर त्याला एकट्याला द्यावं. मुलांना हा खेळ आवडतो आणि "तुला येत नाही" असं कुणी म्हणायचीही गरज राहत नाही.

नावं सांगा, नावं सांगा, असं तुम्ही म्हणत असाल. सांगते.

अगदी लहानांसाठी आणि नवशिक्या वाचकांसाठी मराठीत सध्या जे आहे ते आपल्या लहानपणी नव्हतं, हे आधी कबूल करायला हवं. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली आहेत. त्या स्वतः चित्रकार, त्यामुळे शब्द आणि चित्रं एकाच हातची. 'राधाचं घर' या छोट्या पुस्तकांत एका लहान मुलीच्या घरातली माणसं भेटतात, तर 'यश'च्या गोष्टींत एका छोट्या मुलाचे रोजचे घरातले-शाळेतले दिवस आहेत. परी नाही, राक्षस नाही, गर्विष्ठ सिंह तर नाहीच. घरातलीच माणसं, घरातलीच कुरबुर. मूल ऐकता ऐकता म्हणतं, "आपल्या आजीसारखंच!" त्यांचं 'चित्रवाचन' हे पुस्तक मला फार मोलाचं वाटतं, त्याच्याबद्दल पुढे लिहिते. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, आणि २०१६ साली टाटा ट्रस्टचा 'बिग लिटल बुक' पुरस्कार सुरू झाला तेव्हा लेखनासाठीचा पहिला मानही त्यांनाच मिळाला.

खिशाचा विचार करणाऱ्यांसाठी दोन जागा आहेत. एक म्हणजे नॅशनल बुक ट्रस्ट. १९५७ साली स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेची 'नेहरू बाल पुस्तकालय' ही माला आहे. पुस्तकं पातळ, किंमत बेताची, आणि देशातल्या निरनिराळ्या प्रांतांतल्या लेखक-चित्रकारांची कामं मराठीत वाचायला मिळतात. दुसरी म्हणजे २००४ साली सुरू झालेली प्रथम बुक्स ही संस्था. त्यांच्या पुस्तकांवर एक ते चार असे स्तर छापलेले असतात. पहिल्या स्तरात मोजके, पुन्हा पुन्हा येणारे शब्द. चौथा स्तर सहज वाचणाऱ्यांसाठी. कारंज्याच्या ताईंनी मुलाची इयत्ता विसरून पहिल्या स्तरापासून सुरुवात करावी आणि त्याच्या वेगाने चढत जावं. याच संस्थेने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' हा गोष्टींचा खुला साठा इंटरनेटवर ठेवला. त्यात मराठी गोष्टीही आहेत, मोबाइलवर फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. मात्र मोबाइल मुलाच्या हातात देऊन तुम्ही स्वयंपाकघरात गेलात, तर दोन मिनिटांत गोष्ट बाजूला जाऊन दुसरंच काहीतरी सुरू होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. फोन तुमच्या हातात, मूल मांडीवर, असं जमत असेल तरच तो उघडावा. नाहीतर चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून चार पानं छापून घेऊन दाभणाने शिवावीत. घरी शिवलेल्या पुस्तकाचा मुलांना भारी अभिमान असतो.

कविता विसरू नका. विंदा करंदीकरांचं 'राणीची बाग' १९६१ साली आलं, त्यानंतर 'सशाचे कान', 'परी ग परी', 'अजबखाना' अशी कितीतरी पुस्तकं त्यांनी मुलांसाठी लिहिली. ज्ञानपीठ मिळालेल्या कवीने मुलांच्या खोड्यांसाठी इतका वेळ काढला, हे नशीब मराठी मुलांचंच. अडखळत वाचणाऱ्या मुलाला कवितेचा एक मोठा फायदा होतो. यमकामुळे पुढचा शब्द त्याला आधीच सुचतो. तो वाचतो कमी आणि ओळखतो जास्त, आणि ओळखता ओळखता वाचायला लागतो.

मग येतात प्रकरणांची पुस्तकं. ज्यांत चित्रं कमी, मजकूर जास्त आणि गोष्ट एका बैठकीत संपत नाही. यांच्या बाबतीत आपण फार घाई करतो. आपल्याला 'श्यामची आई' प्रिय, म्हणून सहा वर्षांच्या मुलाला ती भेट देतो. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेलं हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झालं, आणि त्याची प्रकरणं 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी मांडली आहेत. रोज रात्री एक वाचावी अशी ती रचनाच आहे. पण सहा वर्षांच्या जिवाला आईच्या मरणाची गोष्ट झेपत नाही; ते रात्री तुमचा पदर घट्ट धरून झोपतं. आठ-नऊ वर्षांचं झालं, की पोहायला घाबरणाऱ्या श्यामची रात्र आधी वाचून दाखवा, कारण त्या भीतीची ओळख प्रत्येक मुलाला असते. बाकीच्या रात्री मग मूलच मागेल.

सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी माझी पहिली शिफारस 'तोत्तोचान'ची. तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेने स्वतःच्या शाळेची ही हकिगत लिहिली. जपानीत ती १९८१ साली आली, आणि चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेला मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. पहिल्या शाळेतून काढून टाकलेल्या मुलीची ही गोष्ट. नव्या शाळेचे मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसतात आणि तिची बडबड तब्बल चार तास ऐकून घेतात. आणि या शाळेचे वर्ग भरतात ते रेल्वेच्या जुन्या डब्यांत! अकोला-पूर्णा मार्गावरची गाडी पाहात वाढलेल्या वाशिमच्या मुलांना आणखी काय हवं? प्रकरणं दोन-तीन पानांची. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक वाचून होतं. शेवटी युद्धात ती शाळा जळते. तिथे तुमचाही गळा दाटेल, तेव्हा ते प्रकरण सुट्टीच्या दिवशी ठेवा.

आपल्याकडच्या जुन्यांपैकी ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आणि त्यांचीच 'चिंगी' अजूनही हसवतात, फक्त काही शब्द आता आईला समजावून सांगावे लागतात. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' आणि दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' हे थोडे पुढचे, नऊ-दहा वर्षांचे सोबती. 'वाचू आनंदे' हे संकलनाचे भाग घरात असले, तर कुठलंही पान उघडून सुरुवात करता येते. आणि बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. एक मात्र सांगते. 'फास्टर फेणे' मुलांचा आणि 'चिंगी' मुलींची, अशी वाटणी घरात करू नका. वाढदिवसाला मुलाला पुस्तक आणि मुलीला बांगड्या, हाही प्रकार मी अजून पाहते. मुलगी काही बोलत नाही, पण लक्षात ठेवते.

इंग्रजीचं काय, असा प्रश्न येणारच. घराघरांत आता इंग्रजी शाळा आली आहे, आणि 'एक्स फॉर झायलोफोन' म्हणणारी मुलं मालेगाव-मंगरूळपीरलाही आहेत. झायलोफोन कुणी पाहिलेला नसतो. तुरीच्या शेंगा मात्र सगळ्यांनी सोलून खाल्लेल्या असतात. इंग्रजी पुस्तक आणू नका असं मी म्हणणार नाही. मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी छापलेली पुस्तकं मिळतात, चेन्नईच्या तूलिका या प्रकाशनाची तशी बरीच आहेत, ती घ्या. पण वाचनाची चटक आधी त्या भाषेत लागावी ज्या भाषेत मूल हसतं, भांडतं आणि स्वप्नात बडबडतं.

आता मानोऱ्याच्या ताई, तुमच्या पत्राकडे येते.

तुमच्या मुलाला भाषा येत नाही असं नाही. त्याला एक भाषा चांगली येते, दुसरी नवी आहे. घरात तो 'याडी' म्हणतो, पुस्तकात 'आई' छापलेलं असतं. घरात 'बाटी', पुस्तकात 'भाकर'. पहिलीच्या पुस्तकातलं अक्षरही नवं आणि शब्दही नवा. दोन्ही ओझी एकदम डोक्यावर आली, म्हणून त्याने तोंड मिटून घेतलं. आपल्या जिल्ह्यात पोहरादेवीच्या परिसरापासून मंगरूळपीरपर्यंत कितीतरी तांड्यांवरची मुलं याच वाटेने शाळेत येतात. आणि वऱ्हाडी बोलणाऱ्या घरांतही थोडं असंच होतं. "काऊन रडून रायला?" असं ऐकून वाढलेल्या लेकराला पुस्तकातलं 'का रडत आहेस?' परकंच वाटतं. फक्त त्याला कुणी नावं ठेवत नाही, इतकाच फरक.

शाळेतून जे सांगितलं ते चांगल्या हेतूनेच सांगितलं असेल. तरीही मी तुम्हाला उलट सांगणार आहे. घरात गोरमाटी बंद करू नका. तुम्ही मोडक्या मराठीत त्याच्याशी चार वाक्यं बोलणार आणि बाकीचं गिळून टाकणार, त्यापेक्षा गोरमाटीत भरभरून बोला. ज्याला एका भाषेत लांबलचक गोष्ट ऐकायची आणि सांगायची सवय आहे, त्याला दुसऱ्या भाषेतली गोष्ट कळायला सोपी जाते. ताराबाई मोडकांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. संसाराची काही वर्षं त्या आपल्या अमरावतीत होत्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून रागावत न बसता या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, त्यांच्या बोलीतली गाणी-गोष्टी घेऊन. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवावं असंच म्हणतं. हे यजमानांना जरूर वाचून दाखवा.

आणि पुस्तक कोणतं आणायचं? ज्यात शब्द नाहीत ते. मी मघाशी 'चित्रवाचन' म्हणाले ते याचसाठी. त्यात मोठमोठी, माणसांनी भरलेली चित्रं आहेत. त्याला मांडीवर घ्या आणि गोरमाटीत विचारा: ही बाई कुठे निघाली? हा मुलगा का रुसला? त्या कुत्र्याला काय हवंय? तुम्हाला वाचायचं काहीच नाही, त्यामुळे लाजायचंही काही नाही. चार दिवसांनी तो तुम्हाला सांगायला लागेल. मग त्याच चित्रातल्या पाच-सहा वस्तूंची मराठी नावं त्याला सांगा, शाळेतल्या नव्या मित्राची ओळख करून द्यावी तशी. पुढच्या पायरीला प्रथमचं पहिल्या स्तराचं पुस्तक आणा. आधी चित्रांवरून गोष्ट गोरमाटीत सांगा. गोष्ट कळली, की मग छापील मराठी ओळ वाचा. ओळीत काय असणार हे त्याला आधीच ठाऊक असेल, आणि अर्ध ओझं तिथेच उतरेल.

तुमच्या वाचनाच्या लाजेबद्दल एवढंच, की मूल तुमची परीक्षा घेत नाही. ओळीखाली बोट ठेवून हळूहळू वाचा. त्यालाही हळूहळूच हवं असतं. एखादा शब्द अडला तर "थांब, हा काय आहे बघू," म्हणा आणि दोघं मिळून लावा. भराभर वाचणाऱ्या शिकलेल्या आयांची मुलं पुष्कळदा चित्र बघायच्या आत पान उलटलं म्हणून कुरकुरतात. तुमचं ते संकट नाही. तांड्यावरची आजी अधूनमधून येत असेल, तर तिच्याकडच्या गोष्टी मुलाला ऐकू द्या, आणि एखादी तुम्ही वहीत लिहून काढा. लिपी देवनागरी, भाषा गोरमाटी. चित्रं मुलगा काढेल. त्याच्या घरातली भाषा कागदावर उतरते हे त्याला डोळ्यांनी दिसू दे.

जाता जाता एक गंमत सांगते. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी, हे आपल्याला माहीत असतं. पण हजार-अकराशे वर्षांपूर्वी राजशेखर नावाच्या पंडिताने 'काव्यमीमांसा' लिहिली. त्यात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांची गोष्ट आहे. काव्यपुरुष रुसून निघून जातो, तिला त्याच्या मागे धाडतात, देशोदेशी फिरतात, आणि शेवटी त्या दोघांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरीत! म्हणजे साहित्याचं सासर-माहेर जे काय असेल ते आपल्याच गावाकडचं. तरी आज मुलांचं धड पुस्तक घ्यायचं तर आपल्याला अकोला-अमरावतीची एस.टी. धरावी लागते.

त्यावर उपाय आहेत. गावातल्या शासनमान्य वाचनालयात एकदा स्वतः जाऊन बालविभाग दाखवायला सांगा. कपाटाला कुलूप असेल तर उघडायला लावा. कादंबरीसाठी आपण वर्गणी भरतोच, त्याच वर्गणीत मुलांसाठी काय मिळतं ते विचारायला काय हरकत? जिल्ह्याचा ग्रंथोत्सव भरतो तेव्हा मुलांना घेऊन जा आणि त्यांच्या हाताने एक तरी पुस्तक निवडू द्या. त्यांनी निवडलेलं तुम्हाला पसंत पडलं नाही तरी घ्या. प्रकाशक टपालानेही पाठवतात; चार घरांची मागणी एकत्र केली तर टपालखर्च वाटला जातो.

आणि आता संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं. दरवर्षी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, चाळण्या, साबणदाण्या लुटतो आणि दरवर्षी त्या माळ्यावर जातात. एका गल्लीतल्या दहा-बाराजणींनी ठरवून पातळ चित्रपुस्तकं वाण म्हणून द्यावीत, प्रत्येकीने वेगळं. मग आपली नेहमीची भिशी असते तशी पुस्तकांची भिशी लावावी. दर महिन्याला पुस्तक पुढच्या घरी. बारा पुस्तकांच्या पैशांत नाही, एकाच पुस्तकाच्या पैशांत प्रत्येक घरी वर्षभरात बारा पुस्तकं येऊन जातील. सासूबाईंना खर्च खटकत असेल तर हा हिशोब त्यांना पटतो, असा माझा अनुभव आहे. कोणतं पुस्तक कुणाकडे याची वही गल्लीतल्या सर्वांत हिशोबी बाईकडे द्यावी, सर्वांत प्रेमळ बाईकडे नको.

एकच पुस्तक पुन्हा पुन्हा मागतो, काय करू, हे बऱ्याच जणी विचारतात. वाचा. पहिल्यांदा तो फक्त पुढे काय होतं ते ऐकतो, नंतर चित्रांत फिरतो, आणि दहाव्यांदा तुमच्या आधी शब्द म्हणतो. तुम्ही एक ओळ गाळून बघा, लगेच पकडेल. वाचायला शिकण्याचं निम्मं काम तिथेच होतं. पुस्तक भिशीतलं असेल तर एक महिना जास्त ठेवून घ्यायची परवानगी मागा.

हाताळून पुस्तकं फाटणारच. चित्रपुस्तकाला खाकी वेष्टण घालू नका, मुखपृष्ठच झाकलं तर मूल पुस्तक ओळखणार कसं? पारदर्शक प्लास्टिक घाला. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावली तर काही दिवसांनी पिवळी पडून कागद खाते. त्याऐवजी मैद्याची पातळ खळ करून पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी लावा आणि वर वजन ठेवून वाळू द्या. पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून पुस्तकं पत्र्याच्या पेटीत, सुकवलेला कडुलिंबाचा पाला घालून ठेवावीत. डांबराच्या गोळ्या मात्र मुलांच्या पुस्तकांत कधीही नकोत, लहानगी त्या गोळ्या तोंडात घालतात. आणि पेटी माळ्यावर चढवू नका. मुलाला स्वतः उघडता येईल अशी खाली, भिंतीशी असू द्या.